तापाच्या रुग्णाला गोठ्याविषयी विचारा

कर्नाटक सरकारने अलीकडे काढलेल्या नव्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करावीत, अशी शिफारस मंत्रिमंडळाच्या उपसमितीने २०२५ च्या सुरुवातीला केली. भालकी तालुक्यातल्या हालहळ्ळीचे बीदर विद्यापीठ त्यातून वगळले गेले. विद्यापीठ राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. आता तिथे आणि त्याच्या छत्राखालच्या महाविद्यालयांत जीवविज्ञान शिकणारी मुले नेमके काय शिकणार, हा प्रश्न पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, टेक्निशियन आणि शिक्षक म्हणून आपल्यालाही पडायला हवा. कारण उद्या आपल्या टेबलाशी उभी राहणार आहेत ती हीच मुले.

सध्याची वाट सगळ्यांच्या परिचयाची आहे. औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदमधली मुलगी मराठी शाळेत दहावी होते. पीयूसीला विज्ञान इंग्रजीतून घेते. नीटमध्ये गुण कमी पडले की बीएस्सीला, म्हणजे सीबीझेडला, प्रवेश घेते. कलम ३७१ (जे) मुळे या विभागातल्या संस्थांत स्थानिकांसाठी ७० टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे दार उघडे असते. पण आत गेल्यावर तीन वर्षे बेडकाची आकृती, एन्झाइमची व्याख्या आणि वहीत उतरवलेली निरीक्षणे. खरा नमुना, खरा रुग्ण, खरा रिपोर्ट यांची गाठ पडतच नाही. मग पदवी हातात आल्यावर घरचे म्हणतात, बीएड कर नाहीतर डीएमएलटी कर.

ही वेळ बीदरमध्ये यावी याचे वाईट वाटते, कारण या शहराइतकी सोय फार थोड्या गावांच्या वाट्याला आली आहे. राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय शहराच्या कडेला नंदिनगरात २००५ पासून आहे. त्याच शहरात २००७ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकीकडे गायी-म्हशींचे रक्त तपासले जाते, दुसरीकडे त्याच गायी-म्हशींच्या मालकांचे. माणसाचे रोगविज्ञान आणि जनावराचे रोगविज्ञान एका शहरात नांदत असताना, जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला या दोन इमारती तीन वर्षांत एकदाही आतून दाखवायच्या नाहीत, याला माझ्या मते काहीच समर्थन नाही.

ब्रुसेलोसिसचे उदाहरण घेऊ. बीदरच्या उत्तर भागात देवणी गाय दारात असते, शेळ्या असतात. गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार पडत नाही. घरातला कोणीतरी उघड्या हातांनी ती ओढून काढतो, हात धुतो आणि कामाला लागतो. काही आठवड्यांनी त्याला संध्याकाळी ताप येऊ लागतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर धरते, वजन उतरते. लॅबमध्ये मलेरियाची स्लाइड होते, विडाल होते. एकदाच केलेल्या विडालवर किती भरवसा ठेवायचा हे आपल्याला ठाऊक आहे, तरी त्या आकड्यावर टायफॉइडची औषधे सुरू होतात. ताप उतरतो, परत चढतो. पुढे क्षयाची शंका येते. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते आणि ते ब्रुसेलावरही चालते; त्यामुळे थोडा आराम पडतो आणि खरे निदान आणखी लांबते. ब्रुसेलोसिसला डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरे औषध जोडून उपचार साधारण सहा आठवडे द्यावे लागतात, आणि ते वेळेत सुरू झाले तर माणूस बरा होतो. या सगळ्या फरफटीत एक प्रश्न कोणी विचारलेला नसतो: तुमच्या गोठ्यात गाय गाभडली होती का?

त्या प्रश्नाचे महत्त्व शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माल्टात कळले होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये हा जंतू वेगळा केला, पण तो माणसापर्यंत येतो कुठून हे कळत नव्हते. थेमिस्टॉक्लिस झमिट या तिथल्याच डॉक्टरने १९०५ मध्ये वरून ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले आणि उत्तर सापडले. पुढच्या वर्षी तिथल्या ब्रिटिश सैन्याच्या आहारातून शेळीचे कच्चे दूध गेले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने उतरला. माणसाच्या रोगाचे मूळ जनावराच्या रक्तात शोधायचे, हे त्या माणसाला सुचले. जीवविज्ञानाचा पहिला तास मी याच गोष्टीने सुरू करीन.

आणि दुसरा तास प्रयोगशाळेत. रोझ बेंगॉल चाचणी चार मिनिटांत होते, आणि तिचे तत्त्व गायीच्या सीरमला तेच, माणसाच्या सीरमलाही तेच. दोन्ही सीरम शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्याने ती स्वतः लावली, तर अँटिजेन-अँटिबॉडी हे प्रकरण त्याला पुन्हा पाठ करावे लागणार नाही. मग ट्यूब अॅग्लुटिनेशनमध्ये पहिल्या नळ्या कोऱ्या आणि पुढच्या पॉझिटिव्ह का येतात, हे विचारावे. प्रोझोन तिथेच समजतो. येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:९ मुळे खोटा पॉझिटिव्ह कसा येतो, हेही तिथेच. कल्चरच्या बाबतीत मात्र कडक राहावे. हा जंतू सावकाश वाढतो, म्हणून बाटली लवकर फेकून चालत नाही. काही तयार ओळख-संच त्याला मोरॅक्सेला ठरवतात, आणि निर्धास्त झालेला टेक्निशियन उघड्या टेबलावर प्लेट हाताळतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेलाचे नाव अगदी वरचे आहे. सेफ्टी कॅबिनेटबाहेर संशयित प्लेट उघडायची नाही आणि कोणतीही प्लेट कधीही हुंगायची नाही, हे विद्यार्थ्याच्या अंगी पहिल्या वर्षीच बाणले पाहिजे.

जनावरांच्या बाजूने काम सुरू आहे. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना एस-१९ लस एकदाच टोचतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. सुई चुकून टोचणाऱ्याच्याच हाताला लागली तर त्यालाच ब्रुसेलोसिस होऊ शकतो. तो माणूस नंतर ताप घेऊन आपल्याकडे येईल, तेव्हा लस कोणती होती हे विचारण्याइतके तरी आपल्या मुलांना माहीत असायला हवे. गुरे काही राज्याची सीमा पाहून चालत नाहीत. महाराष्ट्रातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात सीमेच्या दोन्ही बाजूंची जनावरे उभी राहतात.

इथे सीमाभागातल्या मुलांची एक ताकद आहे आणि तिची दखल कोणीच घेत नाही. औरादची मुलगी घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी बोलते. रक्त काढता काढता गोठ्याची, दुधाची, वारेची चौकशी ती रुग्णाच्या भाषेत करू शकते. महागडे यंत्र आणूनही हे काम भागत नाही. तिची इंग्रजी अडखळते म्हणून तिला मागच्या बाकावर बसवणाऱ्या शिक्षकांनी याचा विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

तपासणी आणि ती करणारे हात जवळ नसले तर काय होते, याची किंमत कलबुर्गीने एकदा मोजली आहे. देशात कोविडने पहिला मृत्यू झाला तो तिथल्या वृद्धाचा, १० मार्च २०२० ला. नमुना बंगळूरला गेला आणि निदान पक्के झाले १२ मार्चला. या शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८० पासून विद्यापीठ आहे, तरी एका विषाणूच्या चाचणीसाठी नमुन्याला राज्याचे दुसरे टोक गाठावे लागले. पुढे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर सुरू झाली. देशभर अशा प्रयोगशाळा चालवणाऱ्या हातांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर मोठ्या संख्येने होते, हे विसरून चालणार नाही.

शिकून पुढे काय, हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. २०२० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांत औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला एमएस्सी-पीएचडी झालेल्यांना बंद झालेले दार २०२५ च्या नियमांनी पुन्हा उघडले. रिपोर्टवर सही कोणाची, यावरचा वाद मिटलेला नाही आणि त्यात आपल्या वाचकांचेच दोन तट आहेत. तो वाद चालू दे. त्यापायी मुलांना प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवू नये.

आमची मागणी मोठी नाही. बीदर, कलबुर्गी, उदगीर आणि लातूरमधल्या प्रत्येक मोठ्या लॅबने उन्हाळ्याच्या सुट्टीत बीएस्सीचे दोन विद्यार्थी घ्यावेत. त्यांना नुसते काउंटरवर बसवू नये; नमुना स्वीकारण्यापासून रिपोर्ट बाहेर पडेपर्यंत सगळे दाखवावे. क्वालिटी कंट्रोलचा तक्ता रोज त्यांच्याकडून भरून घ्यावा. नाकारलेला नमुना का नाकारला, हे त्यांना सांगावे. रुग्णाचे नाव लॅबबाहेर जाणार नाही, याची शपथ पहिल्याच दिवशी द्यावी. पशुवैद्यक मित्रांनी आठवड्यातला एक दिवस त्यांना गोठ्यावर न्यावे, हातमोजे घालून. एमएस्सीच्या मार्गदर्शकांनी प्रबंधाचे विषय जिल्ह्यातून निवडावेत: दूध घालणाऱ्या घरांतले ताप, पशुवैद्यकांच्या मदतनिसांचे सीरम. नैतिक समितीची परवानगी वेळेत घेतली तर यातले काहीच अवघड नाही.

ज्या लॅबचालकांची तयारी असेल त्यांनी मार्चअखेरपर्यंत संपादकांना पत्र लिहावे. किती मुले घेणार, कोणती तपासणी शिकवणार आणि राहण्याची सोय आहे का, एवढे त्यात असावे. ती यादी एप्रिलच्या अंकात छापू आणि या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे आम्ही स्वतः पोहोचवू.