झाड नाही म्हणजे पडीक नव्हे!

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. वृक्ष लावण्यास विरोध कोण करील? पण ते कोठे लावावेत, हा साधा प्रश्न या उत्सवात हरवून जातो आणि कुदळ पडते ती बहुधा माळरानावर!

महसूल देत नाही ती जमीन पडीक, ही इंग्रजांची दृष्टी. इंग्रज गेले, दृष्टी मात्र राहिली. आपल्या पूर्वजांनी गायरान राखले ते अडाणीपणाने काय? पवन्या, मारवेल, कुसळी यांनी डोलणाऱ्या आर्वी-आष्टीच्या माळांवर नंदगवळ्यांनी गवळाऊ हा चपळ गोवंश जोपासला. श्रावणात अकोला-वाशिमच्या गवतातून उसळ्या घेत तणमोर मादीला साद घालतो. काळवीट, खोकड आणि लांडगा यांचेही घर हेच.

माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. तेथे उभे केलेले झाड म्हणजे कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना दिलेली टेहळणीची माचीच होय! सोलापूरच्या नान्नज अभयारण्यातही गिरिपुष्पाची लागवड झाली. ज्याच्या नावाने अभयारण्य, त्याच्याच अंगणावर अतिक्रमण. याला संरक्षण म्हणायचे काय?

हा प्रश्न नागपूरच्या उंबरठ्यावरच उभा आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर 'झुडपी जंगल' आहे. मुरमाड जमीन, खुरटी झुडपे आणि गुरांची चराई, हेच त्याचे मूळ स्वरूप. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानावी, असा निर्णय दिला. त्यामुळे तिला कायद्याचे कवच मिळाले, हे स्वागतार्हच. पण वन म्हणजे केवळ वृक्षराजी, असा अर्थ लावून उद्या तेथे सरसकट खड्डे खणले गेले, तर जे न्यायालयाने वाचविले ते लागवडीच्या उत्साहात नष्ट होईल.

गवताची मुळे माती धरतात, पाणी मुरवितात, कर्ब जमिनीत साठवितात. त्यांची छायाचित्रे निघत नाहीत, एवढाच त्यांचा दोष! राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. त्याने झुडपी जंगलातील माळांची स्वतंत्र नोंद करावी, तेथील वृक्षलागवड थांबवावी आणि नियंत्रित चराईसाठी गवळी-धनगरांना विश्वासात घ्यावे. गोमातेचा जयघोष करणाऱ्या समाजाने तिच्या तोंडचा घास हिरावून त्यावर वृक्षारोपणाचा फलक लावावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.