झाडू आधी, कीर्तन नंतर

या आठवड्यात तो संदेश पुन्हा फिरला. कन्व्हेन्शनचे, म्हणजे मंडळ्यांच्या मोठ्या मेळाव्याचे, दिवस जवळ आले, की वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांतल्या मोबाईलवर तो या ना त्या रूपात येतोच. पोटासाठी सगळेच राबतात, प्रभूसाठी तुम्ही काय केलंत, असा त्याचा सूर असतो. शेती, नोकरी, संसार ही म्हणे जगाची कामं आणि पूर्णवेळ सेवा तेवढं देवाचं काम. कन्व्हेन्शनच्या मांडवामागच्या चुलीबद्दल मी या सदरात इतक्यांदा लिहिलं आहे, की नेहमीच्या वाचकांना पुढची वाक्यं पाठ असतील. पण हा संदेश फिरतो आहे तोवर तो विषय मला सोडवत नाही. मांडवात वचन ऐकलं जातं, आणि मागे त्याच त्या बाया दिवसभर पोळ्या लाटतात, वरणाची पातेली उतरवतात, खरकटी भांडी घासतात. सांगतेला वक्त्यांची नावं घेतली जातात, या बायांचं नाव कुणी घेत नाही. ज्या बाईनं एवढ्या माणसांना वेळेवर गरम जेवू घातलं, तिनं घरी जाताना 'आपल्या हातून देवाचं काही घडत नाही' अशी खंत सोबत न्यावी, ही शिकवण ख्रिस्ताची नाही. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यात तर ती नुकसानच करते. इथे ख्रिस्ती घरं थोडी आहेत. शेजारी त्यांच्या उपासनेला येत नाहीत, येण्याचं कारणही नाही. त्यांना दिसतं ते या घरातल्या माणसाचं काम. तो काटा कसा धरतो, उसनं आणलेलं औत वेळेत परत देतो का, आजारी म्हातारीचं कसं करतो, एवढंच.

शास्त्रातला आधार थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल वाद फारसा नाही. लूक सांगतो की येशूनं कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. मार्क सांगतो की गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखत होते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग नासरेथात, लाकूडकामात गेला, आणि त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळपास काहीच बोलत नाहीत. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. पुढे सोळाव्या शतकात ल्यूथरनं मठातल्या संन्याशाचं काम आणि शेतकऱ्याचं, मोलकरणीचं काम यांतली उतरंड मोडून काढली. हे सगळं पाळकवर्गाला माहीत आहे. तरीही पूर्णवेळ आणि उरलेल्या वेळेची ती उतरंड आपल्याकडे मिशनच्या बंगल्यातून आली आणि बंगले गेले तरी राहिली, असं माझं मत आहे. कागदोपत्री पुरावा मागाल तर तो माझ्यापाशी नाही, पण कुठल्याही वार्षिक सभेत पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं ते पाहा.

मला खरं बोलायचं आहे ते दोन माणसांबद्दल. एक आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, दुसऱ्या पंडिता रमाबाई. दोघांना शेजारी ठेवून पाहिलं, की रोजच्या कामात देवाचा हेतू कुठे असतो हे जितकं उलगडतं, तितकं मला तरी कुठल्या प्रवचनातून उलगडलेलं नाही. १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवीपर्यंत हिंडत राहिले. त्यांचा क्रम ठरलेला होता. गावात शिरायचं, कुणाची ओळख न काढता हातातल्या खराट्यानं रस्ते झाडायचे, गटारं मोकळी करायची, आणि मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनातही ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. पण त्या प्रश्नांना धार होती ती दिवसाच्या खराट्यामुळे. ज्या माणसानं आपल्या दारापुढची घाण उचलली, तो रात्री कर्ज काढून सण करू नका म्हणाला तर ऐकावंच लागतं. शब्दाचा अधिकार त्यांनी कामातून मिळवला, आणि रोज नव्या गावात तो पुन्हा पहिल्यापासून मिळवला.

रमाबाईंचं उलट आहे. त्या शब्दाच्याच घरात वाढल्या. शास्त्र्याची लेक, पुराणं मुखोद्गत, कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हणून गौरवलेली. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचं मन आधी हललं ते वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींचं फुलहॅममधलं काम पाहून, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. समाजानं टाकून दिलेल्या बायकांना त्या भगिनी जवळ करत होत्या, त्यांचं रोजचं करत होत्या. असं करायला त्यांना कोण शिकवतं, हा प्रश्न रमाबाईंना ख्रिस्ताकडे घेऊन गेला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून निराधार मुली केडगावला आणल्या, आणि मुक्ती सदन उभं राहिलं ते प्रार्थनेइतकंच चरक, चूल आणि चातीवर. विहिरी खोदल्या गेल्या, माग चालले, तेल गाळलं गेलं, गुरं राखली गेली, शिवणकाम झालं. आणि छापखाना चालला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, तेव्हा ते जुळवलं, छापलं आणि बांधलं ते याच बायकांनी. देवनागरी खिळे जुळवणं म्हणजे काय ते नीट डोळ्यांपुढे आणा. पुढ्यात असंख्य खणांची पेटी, प्रत्येक अक्षर उलटं, जोडाक्षरांचे खिळे वेगळे, काना-मात्रा-वेलांट्या सांभाळायच्या, आणि एक अनुस्वार सुटला तरी ओळ मोडून पुन्हा जुळवायची. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. ज्या मुली दुष्काळात घरच्यांना जड झाल्या होत्या, त्यांच्या हातून देवाचं वचन अक्षर अक्षर करून उतरलं. जुळणाऱ्या बाईसाठी ज्या बाईनं सकाळी भाकरी थापली तिचाही हात त्या पुस्तकात आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. उपाशी माणसाकडून असलं बारीक काम होत नाही.

दोघांत फरक मोठा आहे. बाबांनी संसार सोडला, त्यांचा खराटा त्यांचा एकट्याचा होता. मुक्तीतल्या बायकांना संसारच उरला नव्हता, कामानं त्यांना घर दिलं आणि अंगात कसब दिलं. पीककर्ज, मुलांच्या फिया आणि पऱ्हाटीवरची बोंडअळी डोक्यावर घेऊन जगणाऱ्या नांदगावच्या कुटुंबाला यातलं काहीच जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती मला निर्णायक वाटते. काम चांगलं झालं की नाही हे करणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही, ते ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडे गेल्यावर ठरतं. गटार तुंबलेलं राहिलं, तर झाडताना मुखी किती नाम होतं याला गावाच्या लेखी काही किंमत नाही. ओळ चुकली तर जुळवणारीची भक्ती वाचणाऱ्याच्या उपयोगाची नाही. आजकाल सांगितलं जातं, की भांडी घासताना गीत गा, स्टेअरिंग धरताना प्रार्थना करा, म्हणजे काम पवित्र होतं. गीत जरूर गावं. पण मन असं गुंतवल्यानं काम ख्रिस्ती होत नाही. ते शेजाऱ्याच्या हिताचं आणि चोख झालं, तरच होतं.

परतवाड्याजवळच्या कोठारा इथे कुष्ठरोगाचं मिशन हॉस्पिटल आहे. या रोगात पायाची संवेदना जाते, म्हणून अशा पायांसाठी वेगळी चप्पल करावी लागते. तळ मऊ रबराचा, पट्टे पायाच्या मापाचे, आणि मुख्य म्हणजे खिळा कुठेही ठोकायचा नाही. निरोगी माणसाला चपलेतला खिळा पहिल्या पावलाला कळतो. ज्याचा पाय बधिर आहे त्याला संध्याकाळी पायपुसणं लाल झालं की कळतो, मग जखम चिघळते आणि कधी बोटं जातात. चप्पल करणारा तिथे कंटाळून एक खिळा मारून मोकळा झाला, तर घालणाऱ्याकडून तक्रारही येणार नाही. तक्रार करू न शकणाऱ्या पायासाठी दोरा आणि चिकटवण पुन्हा पुन्हा तपासणं, हीच ती सेवा. तिच्यासाठी पूर्णवेळ सेवक व्हावं लागत नाही.

कापसाचंही तेच. खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर गेला की माल परत जातो. तरीही गाडी भरण्याआधी पाणी मारणारे आहेत, आणि काट्यावर मापात पाप करणारे त्याहून जास्त आहेत. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो, असं नीतिसूत्रांच्या पुस्तकात स्पष्ट आहे. ज्या मंडळीत दशांशावर दर महिन्याला बोललं जातं, तिथे काट्यावर का बोललं जात नाही?

गाडगेबाबा ख्रिस्ती नव्हते, मग ख्रिस्ती कामाच्या चर्चेत ते कशाला, असं कुणी विचारेल. शोमरोन्याच्या दाखल्यात येशूनंही परक्याच माणसाला पुढे केलं होतं. आणि तो दाखला म्हणजे जवळपास सगळी कामांचीच यादी आहे. जखमा बांधणं, त्यावर तेल आणि द्राक्षारस ओतणं, जनावरावर बसवून नेणं, रात्रभर बघणं, उताराच्या जागेचे पैसे चुकते करणं. याजक आणि लेवी, म्हणजे त्या काळचे पूर्णवेळ सेवक, बाजूनं निघून गेले होते.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो टाळून पुढे गेलो तर या सगळ्या मांडणीला अर्थ उरत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांपैकी कितीतरी घरं महार-मांग वस्त्यांतून आली. मेलेलं ढोर ओढणं, वेस झाडणं ही कामं त्यांच्या पूर्वजांवर जन्मानं लादली गेली होती, आणि ती धर्म म्हणून लादली गेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं, की जात म्हणजे श्रमाची वाटणी नाही, श्रमिकांची वाटणी आहे. अशा माणसाला काम हीच पूजा म्हणून सांगणं म्हणजे जुनी बेडी नव्या नावानं घालणं होईल. म्हणून माझं म्हणणं असं, की माझ्या कामात देवाचा हेतू आहे हे ज्यानं त्यानं आपल्या कामाबद्दल म्हणावं, दुसऱ्याच्या माथ्यावर ते मारू नये. बाबांनी खराटा स्वतः उचलला, दुसऱ्याला झाडायला लावलं नाही. आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, म्हणजे खराट्यावाचून दुसरं काही हाती न आलेल्यांच्या मुलांना शिकता यावं. मुक्तीतल्या बायकांना कसब मिळालं ते स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी. हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथे भक्तीची भाषा वापरणारा देवाच्या नावानं गुन्ह्याला आडोसा देतो.

या आक्षेपाला बळ देणारी एक सवय आपल्या व्यासपीठांवर आहे. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवाभावे करा, अशा आशयाचं वचन कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून वाचलं जातं. ते मुळात दासांना उद्देशून आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यालाच लागून मालकांना आज्ञा आहे, की दासांना न्यायानं आणि समतेनं वागवा, तुमच्यावरही स्वर्गात मालक आहे. पण ती आज्ञा चौथ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत गेली आहे. पौलानं अध्याय पाडले नव्हते, ते तेराव्या शतकात पाडले गेले. वाचन तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी थांबतं आणि मालक सुटतो. येत्या कन्व्हेन्शनमध्ये या वचनावर बोलणाऱ्या वक्त्यांना माझी विनंती आहे, की ती पुढची ओळ त्याच दमात वाचावी. वेचणीची मजुरी कधी आणि किती चुकती करायची हे ज्यांच्या हातात आहे, ते पुढच्याच खुर्च्यांवर बसलेले असतात.