म्हसवडच्या बायकांनी काय मागितलं?

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात गावासाठी काहीतरी करावं ही इच्छा असतेच. गणेशोत्सव असो की दिवाळीचा कार्यक्रम, मदतीचं आवाहन होतं आणि आपण सढळ हाताने देतोही. कुठल्या शाळेला संगणक, कुठल्या गावाला पाणी शुद्ध करणारं यंत्र. फोटो येतात, टाळ्या होतात, पुढच्या वर्षी नवं गाव आणि नवी यादी. मागच्या वर्षी दिलेलं यंत्र चालू आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहून अशा अनेक यादींत मीही वर्गणी घातली आहे. म्हणूनच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट मला सगळ्यांपुढे मांडावीशी वाटते.

म्हसवड हे माण तालुक्यातलं गाव. पर्जन्यछायेचा प्रदेश, दुष्काळ पाचवीला पुजलेला. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत तयार झालेल्या चेतना सिन्हा १९८०च्या दशकात लग्न करून इथे आल्या. नवरा शेतकरी, तोही चळवळीतलाच. एके दिवशी एक लोहारकाम करणारी बाई त्यांच्याकडे आली. तिला कर्ज नको होतं, अनुदानही नको होतं. रोजच्या कमाईतले चार पैसे साठवून पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. तेवढ्यासाठी तिला बँकेत खातं हवं होतं. इतक्या किरकोळ रकमेचं खातं बँक उघडेना. चेतनाताई स्वतः तिच्याबरोबर गेल्या, तरी नकारच मिळाला.

मग आपल्यासारख्या बायकांची स्वतःचीच बँक काढायची असं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो फेटाळला गेला. कारण काय, तर अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते! निरक्षर बायकांच्या हाती बँक कशी द्यायची? बातमी ऐकून चेतनाताई खचल्या, पण बायका खचल्या नाहीत. लिहिता येत नाही ना, मग शिकू, असं त्या म्हणाल्या. दिवसभर राबून संध्याकाळी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्यातल्या काही जणी मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, असं आव्हान त्यांनी दिलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

ही गोष्ट चेतनाताईंनी जगभरच्या व्यासपीठांवर सांगितली आहे. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांपैकी त्या एक होत्या. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण मला महत्त्वाचा वाटतो तो बँकेनंतरचा क्रम. बाजारात बसणाऱ्या बाईला दिवस बुडवून बँकेत येणं परवडत नाही, म्हणून बँकेची माणसं तिच्या दारात, बाजारात जाऊ लागली. घरी पासबुक दिसलं की नवरा पैसे मागतो, असं बायकांनी सांगितलं, तेव्हा कागदी पासबुकाला पर्याय शोधला गेला. पुढे पिन नंबरची कल्पना निघाली, तर बायका म्हणाल्या, नंबर कोणीही चोरेल, आमचा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला. २०१२च्या दुष्काळात दागिने गहाण ठेवून चारा घ्यायची वेळ आली, तेव्हा संस्थेने जनावरांची छावणी उभारली आणि ती दीर्घकाळ चालवली. बँकेने छावणी चालवावी असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पण दावणीची गाय गेली तर कर्ज फेडणार कशातून? पुढे बंधारे झाले, पाणी अडवायची कामं झाली. शाश्वत विकास हा भारदस्त शब्द मला इथे उलगडतो. आधी घरातल्या बाईचा पैसा सुरक्षित झाला, मग तिचा धंदा, मग तिची जनावरं, आणि मग गावाचं पाणी.

या प्रत्येक पायरीवर मागणी गावातून आली आहे. वरून कोणी काही लादलं नाही. कल्पना चुकली तर 'ताई, हे आम्हाला जमत नाही' असं सांगायची सोय होती, कारण समोरच्या बायका लाभार्थी नव्हत्या, त्या सभासद होत्या. पैसा त्यांचा होता.

मी राहतो त्या मँचेस्टरहून ट्रामने रॉचडेलला जाता येतं. १८४४ मध्ये तिथल्या अठ्ठावीस विणकर आणि कारागिरांनी प्रत्येकी एक एक पौंड जमवून एक छोटं दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण वजन चोख, भेसळ नाही, आणि नफा सभासदांत वाटायचा. पुढे त्यांनी वाचनालय काढलं आणि नफ्यातला काही हिस्सा शिक्षणासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. जगभरच्या सहकारी चळवळीने त्यांचे नियम डोळ्यांपुढे ठेवले. त्या जुन्या दुकानात आज संग्रहालय आहे. तिथे गेलो की मला म्हसवडचे संध्याकाळचे वर्ग आठवतात. दोन्हीकडे गरिबांनी आधी स्वतःचं भांडवल घातलं आणि मग अक्षरं मिळवली.

अर्थात सहकार म्हटलं की सगळं आलबेल, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सहकाराचं काय काय झालं, हे आपण पाहिलंय. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांचे झालेले हाल अजून कोणी विसरलेलं नाही. गरिबांना कर्ज दिलं की त्या सक्षम झाल्या, हा समजही भाबडाच. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सच्या कर्जांचा आणि वसुलीचा इतका जाच झाला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हसवडची सुरुवात बचतीपासून झाली, कर्जापासून नव्हे, हा फरक मला फार मोठा वाटतो. आणि सभासद जागे नसतील तर चांगली संस्थाही बिघडते, हे कोणत्याही संस्थेला लागू आहे.

मग आपण परदेशस्थांनी काय करायचं? हात आखडता घ्यायचा का? मुळीच नाही. पण देण्याआधी काही गोष्टी विचारायला हव्यात. ही वस्तू गावातल्या कोणी मागितली, की ती आपल्याला सुचली? ती बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? आणि हिशेब गावापुढे वाचला जाणार आहे, की फक्त आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणार आहे? याची उत्तरं मिळत नसतील तर थोडं थांबलेलं बरं.

कायद्याची बाजूही माहीत हवी. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी तुमचा पैसा परकीय देणगीच धरला जातो. ती घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे 'मोठ्या संस्थेला देऊ, ती गावातल्या छोट्या गटाला देईल' हा जुना मार्ग बंद झाला. यावर मतं वेगवेगळी असतील, पण पैसे पाठवून झाल्यावर कायदा कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

पैशाशिवायही आपल्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. कोणी हिशेबनीस आहे, कोणाला मालाची विक्री कशी करायची ते ठाऊक आहे. गावातल्या बचत गटाला महिन्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर हिशेब तपासून देणं हे छोटं काम नाही. फक्त तिथेही आधी ऐकायचं आणि मग बोलायचं. माणदेशातली बाई तोंडी व्याज काढते. तिला शिकवायला जाताना आपणही चार गोष्टी शिकून येऊ.

येत्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. नव्या मदतीची यादी वाचण्याआधी गेल्या तीन वर्षांत दिलेल्या प्रत्येक मदतीची आजची अवस्था वाचून दाखवायची. काय चालू आहे, काय बंद आहे, बंद असेल तर का, हे सगळं त्या गावातल्या माणसाच्या तोंडून, जमलं तर फोनवरून. कार्यक्रम अर्धा तास लांबेल, एखादं गाणं कमी होईल. तुमच्या गावी, तुमच्या देशात, तुमच्या मंडळातही हा ठराव मांडून बघा. आणि काय उत्तरं आली ते आम्हालाही कळवा.