लाल गोळी सगळ्यांना एकच, पण अंगातलं लोह प्रत्येकाचं वेगळं

गडचिरोली : गावात लोहाबद्दल सध्या दोन गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात. आशाताई सांगतात, "रक्त कमी आहे, लाल गोळी सोडू नका." चावडीवर मात्र कुणी म्हणतं, "लोहाच्या गोळ्या आणि कंट्रोलचा तो तांदूळ सिकलवाल्यांना बाधतो." दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण कुठलं बोलणं कुणासाठी खरं, हे कुणी फोडून सांगत नाही. त्यामुळे जिला गोळीची गरज आहे ती बाई घाबरून गोळी सोडते आणि ज्याची आधी तपासणी व्हायला हवी तो विचार न करता घेत राहतो.

आदिवासी भाग, सिकलसेल, मलेरिया आणि भाताचं जेवण या चारही गोष्टी गडचिरोली जिल्ह्यात एकत्र आहेत. म्हणून लोहाचा हिशेब इथे इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त काळजीने मांडावा लागतो.

आकडे वाढले, पण कशाचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. 2015-16 मध्ये हाच आकडा 48 टक्के होता. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये प्रमाण 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात, 2018 मध्ये, 'ॲनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली होती. तरी आकडा खाली आला नाही.

याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत असू शकतं. या सर्वेक्षणात बोटाला टोचून आलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजतात. केंद्राच्याच 2016-18 च्या मुलांच्या पोषण सर्वेक्षणात हाताच्या शिरेतून रक्त घेतलं होतं. त्यात 1 ते 4 वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण 41 टक्के निघालं. आकडा कमी आला म्हणून प्रश्न छोटा ठरत नाही. पाचातल्या दोन लेकरांचं रक्त कमी असणं ही काही लहान गोष्ट नाही.

त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रक्त कमी असलेल्या लहान मुलांपैकी साधारण 36 टक्के मुलांमध्येच कारण लोहाची कमतरता हे होतं. 10 ते 19 वयोगटात तर ते 21 टक्क्यांच्या आसपास होतं. बाकीच्यांत फॉलिक ॲसिड आणि बी-12 ची कमतरता, जंतुसंसर्ग, रक्ताचे आनुवंशिक आजार अशी कारणं होती. म्हणजे 'रक्त कमी' आणि 'लोह कमी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं दिसलं की दुसरं गृहीत धरायचं, इथेच गाडी रुळावरून घसरते.

लोह कमी पडलं की काय होतं

रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. ते फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं आणि ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं की थोडं चाललं तरी दम लागतो, छातीत धडधडतं, डोकं गरगरतं, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरट दिसते. काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरचे रागावतात, पण ती खोड नसते. बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर ते कमी धरतात, 7 च्या खाली गेलं तर धोका गंभीर असतो. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तिचा जीव धोक्यात येतो. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. पहिल्या दोन वर्षांत लोह कमी पडलं तर लेकराच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो पुढे गोळ्या देऊन पूर्ण भरून निघेलच असं नाही.

पावसाळ्यात जिथे नाल्यावर पूर आला की रस्ता बंद होतो, त्या भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत सहाव्या-सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन भरून काढणं म्हणजे बाईचा जीव आधीच सुरक्षित करणं. ऐन वेळी रक्ताची पिशवी मिळेलच, याची खात्री तिथे नसते.

गोळी घरात येते, पोटात जात नाही

सरकारी नियमाप्रमाणे गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 लाल गोळ्या घ्यायच्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. पण देशभरात 180 दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या बाया फक्त 26 टक्के निघाल्या.

कारणं गावात सगळ्यांना माहीत आहेत. मळमळतं, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं. काळी शौच ही गोळीमुळेच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घेऊन पाहता येते. पण हे आधी सांगितलं गेलं नाही तर बाई चौथ्या दिवशी पाकीट फळीवर ठेवून देते.

दुसरी चूक आणखी साधी आहे. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. दोन्ही एकदम गिळल्या तर कॅल्शियम लोहाला आड येतं. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. चहाचंही तसंच, गोळीच्या किंवा जेवणाच्या मागे-पुढे तासभर चहा नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यासोबत लोह चांगलं लागतं. मासे, मटण, कोंबडी यांतलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागतं.

आत आलेल्या लोहाला बाहेरची वाट नाही

आता दुसरी बाजू. मीठ-पाणी जास्त झालं तर शरीर ते लघवीवाटे टाकून देतं. लोहाला तशी वाट नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं आणि आतडं दिवसाला फक्त 1-2 मिलिग्रॅम आत घेतं. शरीराचा दरवाजा आत येतानाच अरुंद आहे. निरोगी माणसाला जेवणातून लोह सहसा जास्त होत नाही, ते या दरवाजामुळेच.

पण शिरेतून रक्त चढवलं की हा दरवाजा बाजूलाच राहतो. रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह थेट अंगात जातं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. साठलेलं लोह यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात आणि वाढीच्या ग्रंथींत जाऊन बसतं. त्यातून यकृत खराब होतं, मधुमेह होतो, वयात येणं लांबतं आणि शेवटी हृदय साथ सोडतं. म्हणून अशा मुलांना लोह बाहेर काढणारी औषधं द्यावी लागतात. रक्त वेळेवर दिलं पण हे औषध दिलं नाही, तर उपचार अर्धाच झाला.

सिकलवाल्यांनी लाल गोळी घ्यायची की नाही?

इथे तीन गट वेगळे ओळखावे लागतात.

पहिला, सिकलसेलचा वाहक. याला आजार नसतो, फक्त एक जनुक असतो. लोह कमी असेल तर याने इतरांसारखीच गोळी घ्यायची.

दुसरा, सिकलसेलचा रुग्ण. याच्या लाल पेशी लवकर फुटतात, म्हणून हिमोग्लोबिन कायमच कमी दिसतं. पण फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं. त्यात वरचेवर रक्त चढवलं असेल तर लोह आधीच जास्त असू शकतं. काही रुग्णांत, विशेषतः बाया आणि मुलांत, लोह खरोखर कमीही असतं. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. फेरिटिन ही रक्ततपासणी करावी लागते. फॉलिक ॲसिडची गोळी यांना सहसा नेहमीच देतात, लोहाची मात्र डॉक्टर सांगतील तरच.

तिसरा, थॅलेसेमिया मायनर. हिमोग्लोबिन थोडं कमी आणि लाल पेशी लहान, म्हणजे रिपोर्ट अगदी लोह कमी असल्यासारखा दिसतो. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही. अशा वेळी गोळ्या वाढवू नयेत, हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी तपासणी मागावी.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणीनंतर मिळणारं कार्ड पेटीत ठेवायचा कागद नाही. गोळी देणाऱ्या ताईला, शाळेतल्या सरांना, दवाखान्यातल्या सिस्टरला ते आधी दाखवायचं असतं.

कंट्रोलचा तांदूळ : भीती मोठी, हिशेब छोटा

लोह मिसळलेल्या तांदळाचा प्रयोग राज्यात आधी गडचिरोलीतच झाला. पुढे तो देशभर गेला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला डिसेंबर 2028 पर्यंत मुदतवाढ दिली. शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून तो मशीनवर बनवतात. तो पाण्यावर तरंगतो, रंगाने वेगळा दिसतो, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली. तो प्लास्टिकचा नाही. निवडून फेकला तर त्यातलं लोह फेकलं जातं, एवढंच.

किती लोह असतं? नियमाप्रमाणे किलोला 28 ते 42.5 मिलिग्रॅम. महिन्याचे पाचही किलो तांदूळच मिळाला असं धरलं तरी माणशी 140 ते 212 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 5 ते 7. प्रौढ बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे या तांदळाने मदत होते, पण तेवढ्याने रक्त भरत नाही. हा तांदूळ येतो म्हणून गरोदर बाईची गोळी बंद करायची नसते.

2018 च्या नियमात अशा अन्नाच्या पिशवीवर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी सूचना छापणं बंधनकारक होतं. 2024 मध्ये केंद्राने ती सूचना काढून टाकली. महिनाभराच्या तांदळातलं सगळं लोह धरलं तरी ते फार तर रक्ताच्या एका पिशवीएवढंच भरतं आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं, हे खरं आहे. पण थॅलेसेमियात आतडं नेहमीपेक्षा जास्त लोह ओढतं, हेही तितकंच खरं. सूचना निघाली म्हणून रुग्णाचा विचारण्याचा हक्क जात नाही. सुटा तांदूळ घेणाऱ्याला पिशवीवरची सूचना तशीही कधी दिसत नव्हती. त्याला सांगणारं माणूसच लागतं.

तापात गोळी नको, लेकराच्या हाती तर नकोच

मलेरियाच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. टांझानियातल्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं गेलं. 2006 मध्ये आलेल्या निष्कर्षात त्या मुलांत दवाखान्यात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तेव्हापासून मलेरियाच्या भागात लोहासोबत मलेरियाची तपासणी आणि उपचारही हवेत, असं धोरण आहे. आपल्याकडच्या सूचनाही तेच सांगतात: ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तर लेकराचं लोहाचं औषध थांबवायचं, बरं झाल्यावर पुन्हा सुरू करायचं.

सगळ्यात जवळचा धोका मात्र घरातल्या फळीवर आहे. लाल चकचकीत गोळी लेकराला चॉकलेटसारखी वाटते. दहा किलोच्या लेकराने आईच्या दहा गोळ्या खाल्ल्या तर 600 मिलिग्रॅम लोह पोटात जातं. ते जिवावर बेतू शकतं. आधी उलट्या, रक्ताचे जुलाब होतात. मग काही तास लेकरू बरं वाटतं आणि त्यानंतर एकदम कोसळतं. मधल्या 'बरं वाटण्या'वर विसंबू नये. 108 ला फोन करून, गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

दवाखान्यात काय विचारायचं

माझं हिमोग्लोबिन किती? महिन्याने पुन्हा कधी मोजणार? घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे, मग माझी तपासणी झाली का? महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही आकडा साधारण एकने वाढला नसेल तर कारण काय? वरचेवर रक्त लागत असेल तर फेरिटिन कधी तपासणार?

एवढे पाच प्रश्न प्रत्येक बाईने विचारले, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रांना उत्तरं तयार ठेवावी लागतील. आज केंद्रांचा हिशेब किती गोळ्या वाटल्या यावर होतो. किती जणींचं हिमोग्लोबिन वाढलं आणि किती जणांची गोळी योग्य कारणाने थांबवली, हे ग्रामसभेत आणि तालुक्याच्या आढावा बैठकीत विचारलं जायला हवं. गोळ्यांचे खोके रिकामे होणं म्हणजे गावात रक्त भरणं नव्हे.