बोथट पात्याचा खर्च कोणाच्या माथी?

सुताराचे बोट यंत्रात सापडले की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द तत्काळ उच्चारले जातात आणि चौकशी तेथेच संपते. वस्तुतः हातातील जिगसॉ ही काही अगम्य यंत्रणा नव्हे. स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीत आल्बर्ट काउफमान याने १९४६ साली ती सिद्ध केली. शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते, ही त्यामागील कल्पना. तिच्या सुरक्षित वापराचे नियम कोणताही जाणता मिस्त्री सांगू शकेल. प्रश्न असा आहे की, ते पाळण्याची साधने त्याला पुरवतो कोण?

जिगसॉचे नेहमीचे पाते वर येताना कापते. म्हणून सनमायकाची दर्शनी बाजू खाली ठेवावी लागते, अन्यथा कडेचे टवके उडतात. याच ओढीमुळे यंत्राची तळपट्टी फळीवर घट्ट दाबून धरणे आवश्यक असते. ती सुटली की यंत्र उसळते आणि पाते वाकते वा तुटते. पाते फळीला भिडण्यापूर्वी यंत्र सुरू करावे, आणि ते पूर्ण थांबल्याखेरीज उचलू नये. पात्याचे टोक फळीखाली सतत खालीवर होत असते व वरून ते दिसत नाही. खालून हाताचा आधार देणे घातक ठरते ते यामुळे. फळी दोन क्लॅम्पनी आवळली, तर हात खाली नेण्याचे कारणच उरत नाही. पाते बदलताना प्लग काढावा, हे तर उघडच आहे.

आता हिशेब पाहू. बोथट पाते कापत नाही, म्हणून कारागीर जोर लावतो. जोर लावला की पाते भरकटते आणि लाकूड करपते. नवे पाते ही किरकोळ खर्चाची बाब खरी. परंतु चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्या सुताराच्या मजुरीतूनच ती वजा होत असेल, तर तो जुन्या पात्यावर आणखी एक दार कापणारच. क्लॅम्प आवळण्याची दोन मिनिटेही त्याच्याच पदरची!

सूचनापुस्तिकांची भाषा भाषांतरकाराच्या नजरेने पाहावी. ‘धारदार पाते वापरावे’, ‘मुखपट्टी लावावी’. वाक्यांत कर्ताच नाही. पाते कोणी विकत घ्यावे, याविषयी व्याकरण सोयिस्कर मौन पाळते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिला. तरीही मुखपट्टीच्या जागी गळ्यातला रुमालच असतो.

कायद्याचाही आधार तोकडा. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची मर्यादा होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २० वर नेली. कोणाच्या घरी दोघे-तिघे मिळून कपाटे जोडणारे सुतार यांपैकी कोणत्याच मोजणीत येत नाहीत. त्यांच्या संघटनांनी आग्रह धरावा तो ठेक्याच्या दरपत्रकाचा: पाती, क्लॅम्प, चष्मा व मुखपट्टी यांचा खर्च मजुरीपासून वेगळा लिहिला जावा, आणि पाते केव्हा टाकून द्यायचे हे ठरविण्याचा अधिकार यंत्र चालविणाऱ्याचा असावा.