घाम कशाचा, ते आधी तपासा

मेडिकलच्या काउंटरमागे बसलं की गोळी कोणी सोडली ते डॉक्टरच्या आधी आम्हाला कळतं. दर महिन्याला येणारी बाई फिरकेनाशी होते आणि मग एक दिवस नातवाच्या खोकल्याचं औषध न्यायला येते. "शुगरच्या गोळ्या?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "सोडल्या ताई. गोळी खाल्ली की अंगातून वाफा निघायल्यात. घामानं लुगडं भिजायलंय, छातीत धडधड व्हायलीय." चारठाणा, बोरी, येलदरीकडून जिंतूरला येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली मी गोळीचं नंतर बोलते. आधी विचारते, "पाळी कधी गेली?"

बहुतेक जणी उत्तर देण्याआधी मागं वळून बघतात, कुणी पुरुषमाणूस उभा आहे का.

माझी स्वतःची पन्नाशी झाली, शुगर आहे आणि पाळीही गेलेली आहे. हा घाम मला बी. फार्म.च्या पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन उतरतं, शरीराचं तापमान सांभाळणारं यंत्र बिनसतं आणि थंडीतसुद्धा अंग एकाएकी तापून घाम फुटतो, धडधडतं. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तरी हेच होतं: घाम, धडधड, हाताला थरथर. मध्यरात्री जाग आल्यावर यातलं काय चाललंय हे अंगावरून ओळखता येतं, असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. मला तरी ओळखता येत नाही, मी बोट टोचते.

ज्यांच्याकडे टोचायला काही नाही त्या अंदाजानं चालतात. साखर उतरली समजून गूळ खातात, चहात दोन चमचे जास्त टाकतात, सकाळी गोळी बंद. खरं तर याच वर्षांत साखर चढायला लागते. इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखं दाद देत नाही, चरबी पोटावर जमते, झोप तुटते आणि तुटलेली झोपही साखर वाढवते. म्हणजे गोळीची गरज वाढते तेव्हाच ती सुटते.

उलटंही होतं, आणि ते जास्त भीतीदायक. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडनं जाऊ शकते. आमच्याकडे पुष्कळ जणींना दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात आणि त्यांच्या लेखी ती फक्त 'सकाळची गोळी' असते. नवरात्रात नऊ दिवस उपास, पोटात नीट काही नाही, वर ही गोळी. मग घाम फुटतो तो साखरेचाच. पण शेजारीण सांगते, वयाचं आहे, चालायचंच. आणि बाई पडून राहते.

गोळी सुटूच नये असं माझं म्हणणं नाही, उलट सुटली तर मला आनंदच आहे. (दुकानाचं नुकसान सोसेन.) २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांनी भरपूर वजन उतरवलं आणि वर्षाअखेर त्यातल्या जवळजवळ निम्म्यांची साखर औषधाविना आटोक्यात होती. आपल्या मराठवाड्यात लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनच जेवणं आणि पंचेचाळीस मिनिटं चालणं घरोघरी पोचवलं. त्यात सुरुवातीलाच एचबीएवनसी (साखरेची सरासरी) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात. पण त्यांचं भाषण परभणीत ऐकलेला भाचा तांड्यावर येऊन मावशीला सांगतो तोवर तपासणी वाटेतच गळते आणि उरतं 'दोनदा जेवा, गोळ्या बंद'. दोनदा जेवणाऱ्या बाईची ग्लिमेपिराइड कमी करावीच लागते, पण किती आणि कधी, ते तिच्या आकड्यांवरून डॉक्टरनं ठरवायचं.

आता गर्भपिशवीची गोष्ट. आपल्या देशात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. माझ्या काउंटरवर मात्र छत्तीस-अडतीसच्या बायका येऊन म्हणतात, "पाळी नाही ताई, पिशवी काढली." राज्य सरकारने नेमलेल्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे बीडचं झालं, पण जिंतूरच्या तांड्यांवरूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम रातोरात सुरू होतात, आणि मधुमेहाचा धोका वाढतो. नुसती पिशवी काढली असेल तर अंडाशयं चालू राहतात, पण पाळी दिसत नसल्यानं अंडाशयं कधी थकली ते सहज कळत नाही. तुझं नेमकं काय काढलं, असं विचारलं तर सांगू शकणारी बाई मला क्वचित भेटते. दवाखान्याचा कागद मुकादमाकडे राहिला, नाहीतर पावसात भिजला. तिच्या शुगरच्या पेपरवर वय आहे, वजन आहे, साखरेचे आकडे आहेत. पाळीबद्दल अवाक्षर नाही.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, हे विचारलेलं असतं. कॅन्सरसाठी ते हवंच. त्याच्याच खाली दोन प्रश्न वाढवा: रात्री घामानं जाग येते का, आणि पिशवीबरोबर अंडाशयं काढली का. दुसरं, साखर तपासायची पट्टी. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, गोळ्याही मिळतात. मशीनची पट्टी मात्र बाहेरून घ्यायची तर एक पट्टी कित्येक गोळ्यांच्या किमतीला पडते. मजुरीवर जगणारी बाई घाम आला म्हणून ती फोडणार नाही. गोळी चालू असलेल्या प्रत्येकीला महिन्याला चार-पाच पट्ट्या गोळ्यांबरोबरच द्याव्यात, मशीन आशाताईकडे ठेवावं.

आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला महिन्याची गोळी देऊन 'पुढच्या महिन्यात या' म्हणण्याला काही अर्थ नाही, ती गुढीपाडव्यालाच परतणार. निघायच्या आधीच्या आठवड्यात तांड्यावर जाऊन तिची साखर बघा, गोळीचं नाव मराठीत लिहिलेला कागद द्या आणि हंगामभराच्या गोळ्या एकदम बांधून द्या.