वुजूचा वाद आणि अर्थाचा प्रश्न

मोबाइलवर कुरआन वाचावे की नाही, यावर आमच्या मोहल्ल्यांत अजून वाद झडतात. वुजू नसताना पडद्याला बोट लावावे का? ज्या यंत्रावर सिनेमा पाहिला त्यावरच कलाम उघडावा का? हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणत नाही. अदब मोठीच गोष्ट आहे. छापील मुसहफचे नियम पडद्याला लागू होतात की नाही, यावर उलेमांतही एकमत नाही. ज्याला शंका असेल त्याने वुजू करून मोबाइल हाती घ्यावा. वाद मिटला! पण या वादाआड खरा प्रश्न दडवला जातो. आमची मुले जे वाचतात ते त्यांना समजते का?

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. सकाळी मकतबात जाऊन आलेली मुले आमच्यासमोर बसतात. दहा-अकरा वर्षांची मुलगी तीसही पारे नाझरा पुरे करते, घरात मिठाई वाटली जाते. तिला एखाद्या लहानशा सूरहचा अर्थ विचारा. ती मान खाली घालते. दोष तिचा नाही. अर्थ आलिमांनी पाहावा, असे म्हणून आम्ही मोकळे झालो. उर्दू तर्जुमा वाचावा म्हटले, तर त्यातली भारदस्त उर्दू आमच्या आठवीच्या वर्गालाही झेपत नाही. खेड्यांत मराठी शाळेत शिकणाऱ्या आमच्या कितीतरी मुलांना तर उर्दू लिपीच येत नाही. त्यांच्या हाती मराठी तर्जुम्याचे ॲप आले, तर ते कोणत्या तोंडाने काढून घ्यायचे?

धर्माची गोष्ट लोकभाषेत सांगण्याचे या नगर जिल्ह्याला वावडे नाही. १२९० साली नेवाशात गीतेचा अर्थ मराठीत आला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. ‘तर्जुमानुल कुरआन’ लिहिणारे मौलाना आझाद १९४२ ते १९४५ या काळात इथल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी कुरआनचा फारसी तर्जुमा केला आणि त्यांच्या मुलांनी उर्दू. लोकांना समजावे, एवढाच त्यामागचा हेतू. मग मराठीनेच काय घोडे मारले? उर्दूवर पोट भरणारे आम्हीच हे विचारतो आहोत.

लखनौचे मुन्शी नवलकिशोर हिंदू. त्यांच्या छापखान्यात छापलेले कुरआन मुसलमानांनी आनंदाने घेतले. छापखाना चालला, लाउडस्पीकर चालला, मग मोबाइलच का अडतो? कारण छापील प्रत जुझदानात गुंडाळून उंच फळीवर ठेवता येते. मोबाइल मुलीच्या हातात असतो आणि ती अर्थ वाचते. मेहर हा बायकोचा हक्क आहे, बापाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, हे तिच्या भाषेत तिच्यासमोर येते. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन जुम्म्याला पहिल्या रांगेत बसणाऱ्या भावाला हे वाचन रुचेल कसे?

ॲप म्हणजे उस्ताद नव्हे, हेही तितकेच खरे. मागचा-पुढचा संदर्भ तोडून एकच आयत मोबाइलवर फिरवणारे आमच्यातही आहेत आणि आमचा द्वेष करणाऱ्यांतही. तर्जुमा कोणाचा आहे ते पाहावे, दोन तर्जुमे ताडून पाहावेत, अडले तर जाणत्याला विचारावे. पण हे शिकवणार कोण? ते आमचे काम आहे, मकतबच्या उस्तादांचे आहे, आईबापांचे आहे. आठवड्यातून एक तास मुलांसोबत बसून एकाच सूरहचा अर्थ वाचायला खर्च लागत नाही. मुलांच्या प्रश्नांना तोंड देण्याची तयारी मात्र लागते.

पैगंबरांवर उतरलेला पहिला हुकूमच वाचण्याचा होता, हे आम्ही प्रत्येक जलशात अभिमानाने सांगतो. तो हुकूम पाळायला निघालेल्या मुलीच्या हातून मोबाइल हिसकावताना आम्हाला लाज वाटली पाहिजे.